फुनाफुतीचे खड्डे

शनिवार, २८ फेब्रुवारी २०२६

फिजीतल्या नौसोरीच्या विमानतळावर काउंटरवरच्या बाईंनी आमचे भारतीय पासपोर्ट पाहिले आणि थेट हिंदीत विचारलं, "हुवाँ कोई जान-पहिचान है?" हुवाँ म्हणजे फुनाफुतीला, तुवालू देशाच्या राजधानीला. कोणी नाही म्हटल्यावर, "तब काहे जाता?" याचं खरं उत्तर माझ्याकडे होतं, पण ते चारचौघांत सांगण्यासारखं नव्हतं. मी एक भोक बघायला चाललो होतो.

भूजल खात्यात ३१ वर्षं काढली. विहिरी मोजल्या, बोअर मारून घेतल्या, गावोगावच्या सरपंचांची बोलणी खाल्ली. कॉलेजात प्रवाळबेटांच्या धड्यात फुनाफुती हे नाव आलं होतं: पॅसिफिकच्या मधोमध, आजूबाजूला काही नाही अशा बेटावर १८९६ ते १८९८ अशी तीन वर्षं माणसांनी एक बोअर मारली, तीही पाण्यासाठी नव्हे, तर चार्ल्स डार्विन बरोबर की चूक हे ठरवायला. आमच्या धंद्यातली ती पंढरीच. निवृत्तीनंतर जायचं म्हटलं तेव्हा हिने अट घातली, "आधी काशी, मग तुमचं भोक." काशी गेल्या वर्षी झाली. म्हणून आता मुंबई, सिंगापूर, नांदी, सुवा असं करत इथे.

फिजी सोडताना काउंटरवरच्या त्या हिंदीचा विचार डोक्यात होता. १८७९ ते १९१६ या काळात ६० हजारांवर गिरमिटिये, म्हणजे भारतातले करारबद्ध मजूर, उसाच्या मळ्यांवर आणले गेले, त्यांच्या पणत्यांनी ती भाषा अजून जपली आहे. तुवालूला ऊस नाही, नदी नाही, मळा काढावा एवढी मातीच नाही. त्यामुळे तिकडे कोणी आपली माणसं नेली नाहीत. उलट तिथलीच माणसं पळवून नेली, त्याचं पुढे सांगतो.

पंख्याच्या विमानानं अडीच-तीन तास. खाली फक्त निळं. मग एकदम पांढऱ्या फेसाची एक रेघ, आत हिरवट पाणी आणि रेघेवर माड. विमान उतरायला लागलं तेव्हा डाव्या खिडकीतही समुद्र आणि उजव्या खिडकीतही समुद्र. हिने माझं मनगट धरलं, "अहो, धावपट्टी कुठाय?" धावपट्टी होती, दीड किलोमीटरची, आणि तीच या गावातली सगळ्यात मोठी मोकळी जागा. विमान यायच्या आधी अग्निशमनच्या गाडीचा भोंगा वाजतो, की पट्टीवरची पोरं, कुत्री आणि मोटरसायकली बाजूला होतात.

पासपोर्टवर शिक्का बसला. गेस्ट हाऊसच्या मालकीणबाई दारातच उभ्या होत्या. पन्नाशीच्या, केसात फुलांची वेणी, पायात रबरी चपला. "तालोफा" म्हणाल्या, आमची बॅग मोटरसायकलवर पुढ्यात घेतली आणि आम्हाला चालत मागून यायला सांगितलं. चालायचं ते दोनशे पावलं.

आकडे आजच सांगून टाकतो. देशाचं एकूण क्षेत्रफळ २६ चौरस किमी, म्हणजे बोरिवलीच्या राष्ट्रीय उद्यानात चारदा मावेल. २०१७ च्या जनगणनेत लोकसंख्या १०,६४५, त्यातली निम्म्याहून अधिक एकट्या फुनाफुतीत. बेटं नऊ, पण 'तुवालू' या नावाचा अर्थ एकत्र उभे आठ, कारण नववं निउलाकिता पूर्वी ओसाड होतं. झेंड्यावर मात्र तारे नऊ. समुद्रावरचा हक्क मोजला तर साडेसात लाख चौरस किमीहून जास्त, महाराष्ट्राच्या दुपटीहून मोठा. त्या पाण्यातल्या टूना माशांचे परवाने विकून सरकारची तिजोरी भरते. दुसरी मिळकत गमतीची. इंटरनेटची नावं वाटली गेली तेव्हा तुवालूच्या वाट्याला 'डॉट टीव्ही' आलं, आणि दूरचित्रवाणीवाल्यांना नेमकं तेच हवं होतं. त्या पैशातून २००० साली या देशानं संयुक्त राष्ट्रांच्या सदस्यत्वाचा खर्च उचलला. १८९वा सदस्य.

संध्याकाळी पट्टीवर गेलो. व्हॉलीबॉलच्या तीन जाळ्या, फुटबॉल, एक आजी चटई टाकून नातवाला भरवते आहे. शिवाजी पार्कची संध्याकाळ, फक्त भेळवाला नाही.

रविवार, १ मार्च

रविवारी इथे काही म्हणजे काही चालू नसतं. चर्च, जेवण, झोप. मालकीणबाईंनी आम्हाला चर्चला नेलं. हिने नऊवारी नाही पण काठापदराची नेसली होती. बायका वळून वळून पाहत होत्या, एकीनं पदर हातात घेऊन काठ तपासला.

गाणं ऐकावं तर यांचं. पेटी नाही, तबला नाही, नुसते चार पट्ट्यांतले गळे, आणि छपराचा पत्रा थरथरतो. हा धर्म इथे आला तो अपघातानं. १८६१ साली कुक बेटांतल्या मानिहिकीचा एलेकाना नावाचा माणूस होडी भरकटून आठ आठवड्यांनी नुकुलाएलाएला लागला आणि बायबल वाचून दाखवायला लागला. दोनच वर्षांनी पेरू देशाची जहाजं आली. माणसं हवी होती मजुरीला. नुकुलाएलाएमधून सुमारे २५० आणि फुनाफुतीतून १७१ माणसं नेली. जवळजवळ कोणीच परत आलं नाही. नुकुलाएलाएची त्या वेळची वस्ती काही शेकड्यांत होती, म्हणजे गावात मागे म्हातारे आणि पोरं.

चर्चमध्येच एका शिक्षकांनी दुसरी गोष्ट सांगितली. २ ऑक्टोबर १९४२ ला अमेरिकन सैन्य इथे उतरलं. जपान्यांशी लढायला त्यांना तळ हवा होता. २३ एप्रिल १९४३ ला जपानी विमानं आली तेव्हा गावचे ६८० लोक चर्चमध्ये जमले होते. देवाचं घर, भिंती सिमेंटच्या, याहून सुरक्षित काय? लॅड नावाच्या एका अमेरिकन कॉर्पोरलनं विनवण्या करून सगळ्यांना तिथून काढलं आणि जमिनीत खणलेल्या खंदकांत बसवलं. थोड्याच वेळात बॉम्ब चर्चवर पडला.

मी वहीत लिहिलं: खड्डा क्रमांक एक, माणसं वाचवणारा.

दुपारी जेवायला पुलाका. हिने ताटातला करडा-जांभळा तुकडा बोटानं दाबला, वास घेतला आणि निकाल दिला, "हा अळकुड्यांचा पणजोबा." खरंच अळूचाच भाऊबंद आहे, पण पान माणसाच्या उंचीचं आणि गड्डा दोन हातांत न मावणारा. किसून नारळाच्या दुधात शिजवला की फेकेई. हिचं माहेर वेंगुर्ल्याचं, त्यामुळे नारळाच्या दुधातलं काहीही तिला परकं नाही. मग कालेवे आलं, माडाची पोय छेदून काढलेला ताजा रस. आपली नीरा. राहू दिली की चढते, म्हणजे माडी, आणि आटवली की काकवी. एवढ्या लांब येऊन तीच चव आणि तेच तीन प्रकार बघून ही इतकी खूश झाली की मालकीणबाईंना सोलकढीची कृती सांगायला बसली. कोकम कुठून आणणार, हा प्रश्न मी विचारला नाही.

सोमवार, २ मार्च

सकाळी आठलाच निघालो. ते भोक घरांच्या मधोमध आहे. कुंपण नाही, तिकीट नाही, चौकीदार नाही. बाजूला एका घराचं धुणं वाळत घातलेलं. सिमेंटचा लहानसा ओटा आणि त्यात हाताची मूठ जेमतेम जाईल एवढं तोंड. ही म्हणाली, "एवढंच?"

एवढंच. पण गोष्ट ऐका. डार्विननं १८४२ साली मांडलं की कंकणाकृती प्रवाळबेटं ही बुडत चाललेल्या ज्वालामुखीच्या डोक्यावरची टोपी आहे. डोंगर सावकाश खाली जातो आणि प्रवाळ त्याच वेगानं वर वाढत राहतो. प्रवाळाला ऊन लागतं, तो खोल पाण्यात वाढत नाही. तेव्हा खोलवर जर प्रवाळाचाच दगड सापडला, तर जमीन खचली हे सिद्ध. विरोधक म्हणत, छे, उथळ उंचवट्यावर वाढलेला पातळ थर आहे तो. म्हाताऱ्या डार्विननं १८८१ मध्ये एका पत्रात हळहळ व्यक्त केली होती, की एखाद्या गडगंज धनिकाच्या डोक्यात यावं आणि त्यानं अशा बेटावर पाच-सहाशे फूट बोअर मारावी. धनिक काही मिळाला नाही. पुढाकार लंडनच्या रॉयल सोसायटीनं घेतला, डार्विन गेल्यावर चौदा वर्षांनी.

१८९६ साली प्राध्यापक सोलस आले. १०५ फुटांवर गाडं अडलं. आत वाळू आणि ढिसूळ प्रवाळ, भोक ढासळतं, केसिंग, म्हणजे भोक धरून ठेवणारी नळी, उतरत नाही, पाइप अडकतो. हे वाचताना मला कोकणातल्या पुळणीवरच्या आमच्या बोअरी आठवतात. तिथेही हेच, फक्त आमच्या मागे रॉयल सोसायटी नव्हती, तालुक्याचा बीडीओ होता. १८९७ मध्ये सिडनीहून भूवैज्ञानिक एजवर्थ डेव्हिड आले, सोबत पत्नी. त्यांची तुकडी ६९८ फुटांपर्यंत गेली. १८९८ ला आल्फ्रेड फिंक यांनी तेच भोक पुढे नेलं आणि १,११४ फुटांवर, म्हणजे ३४० मीटरवर थांबवलं. वरपासून खालपर्यंत प्रवाळाचाच चुनखडी दगड. काळा कातळ लागलाच नाही.

कातळ न लागल्यानं भांडण मिटलं नाही. ते मिटायला १९५२ उजाडलं. मार्शल बेटांतल्या एनेवेटाकवर हायड्रोजन बॉम्बच्या चाचणीच्या तयारीत अमेरिकनांनी सव्वा किलोमीटरहून खोल बोअर नेली आणि खाली बेसॉल्ट सापडला, आपल्या सह्याद्रीतला तोच काळा दगड. डार्विन बरोबर होता. सोनार नाही, बोअर नाही, नुसता विचार करून.

मी गुडघ्यावर बसून ओट्यावर हात ठेवला. शेजारच्या घरातला पाच-सहा वर्षांचा पोरगा आला, त्यानंही माझ्याकडे बघून शेजारी हात ठेवला. मग एक खडा घेतला, तोंडाशी धरला आणि माझ्याकडे बघत राहिला, टाकू का म्हणून. मी मान हलवली. त्यानं खडा टाकला नाही, तोंडात घातला आणि पळाला.

दिवसाचं बाकीचं काम किरकोळ. पोस्टाच्या तिकिटांचं कार्यालय पाहिलं. तरुणपणी माझ्या वहीत तुवालूची दोन-तीन तिकिटं होती आणि त्यांवर रेल्वेची इंजिनं. तेव्हा मला खात्री होती की तुवालूत मोठी रेल्वे असणार. इथे रेल्वेचा एक रूळही नाही. ती तिकिटं जगभरच्या माझ्यासारख्या पोरांसाठी छापलेली असत, आणि माझे चार-आठ आणे त्या हिशेबानं इथवर पोचले असावेत. मग बँकेबाहेर एटीएम बघितलं. देशातलं पहिलं यंत्र एप्रिल २०२५ मध्ये बसलं, त्या दिवशी पंतप्रधानांनी केक कापला होता. आम्ही मात्र ऑस्ट्रेलियन डॉलरच्या नोटा सुवाहूनच घेऊन आलो होतो.

मंगळवार, ३ मार्च

आज पौर्णिमा. घरी होळीचे दिवस. इथे या पौर्णिमेची वाट वेगळ्या कारणानं बघतात. फेब्रुवारी-मार्चमध्ये वर्षातली सगळ्यात मोठी उधाणं येतात.

सकाळी मालकीणबाई मला त्यांच्या पुलाकाच्या खड्ड्यावर घेऊन गेल्या. मी 'पाण्याचा माणूस' आहे हे हिनं त्यांना सांगून ठेवलं होतं. खड्डा चांगला आमच्या पुण्याच्या हॉलएवढा, कमरेहून खोल, आणि तळाला चिखल. हे खड्डे पिढ्यान्‌पिढ्यांचे. प्रवाळाच्या खडीत खणत खणत भूजलापर्यंत जायचं, मग त्यात पानं, पाला, कुजकं लाकूड टाकत राहायचं. बेटावर माती नाही, म्हणून खड्ड्यात माती बनवायची. प्रत्येक घराची पाल्याची कृती वेगळी, आणि ती शेजाऱ्याला सांगत नाहीत. लोणच्याच्या मसाल्यासारखं.

आता यातलं विज्ञान माझ्या आवडीचं. गोडं पाणी खाऱ्या पाण्याहून किंचित हलकं, म्हणून पावसाचं मुरलेलं पाणी बेटाखाली खाऱ्या पाण्यावर भिंगासारखं तरंगतं. समुद्रपातळीच्या एक वीत वर गोडं पाणी असलं तर खाली चाळीस विती गोडं मिळायला हवं, असा हिशेब. पण त्याला बेट रुंद लागतं. फोंगाफाले हे मुख्य बेट बारा किलोमीटर लांब, आणि सगळ्यात रुंद जागी चारशे मीटर. काही ठिकाणी एवढं अरुंद की रस्त्याच्या दोन्ही बाजूंना दगड टाकला तर दोन वेगळ्या पाण्यांत पडेल. भिंग कागदाएवढं. त्यात संडासांचं पाणी मुरतं आणि उधाणाचं खारं खालून चढतं. म्हणून इथे भूजल कोणी पीत नाही. घरोघरी पन्हाळी आणि मोठाल्या टाक्या. पाऊस रत्नागिरीच्या तोडीचा पडतो, पण लांबला की संपलं. २०११ मध्ये आणीबाणी जाहीर झाली होती, आणि कुटुंबाला दिवसाला दोन बादल्या पाणी मिळत होतं.

मी खड्ड्यात उतरलो, चिखलात बोट बुडवून जिभेला लावलं. आमच्या खात्यातली जुनी खोड, मीटर नंतर, जीभ आधी. मचूळ. पार खारं नाही पण मचूळच. मालकीणबाई वरून माझ्या तोंडाकडे बघत होत्या. मी काही बोलायच्या आधी त्याच म्हणाल्या, "आईच्या वेळी असं नव्हतं." कडेच्या दोन-तीन रोपांची पानं काठाला पिवळी पडलेली. वर येताना पाय घसरला आणि मी गुडघ्यापर्यंत त्या काळ्या चिखलात बसलो. बाई हसल्या, मग हात दिला. त्यांचा हात माझ्याहून घट्ट.

गेस्ट हाऊसवर बूट धुवायला नळ उघडला तर हिने तो बंद केला. "टाकीचं प्यायचं पाणी आहे ते. वाळू दे चिखल, मग झटका." गेली चाळीस वर्षं मी हिला पाण्याचं महत्त्व सांगतो आहे.

पाचच्या सुमाराला पट्टीच्या बाजूला, हवामान कार्यालयाजवळ गेलो. मला वाटलं होतं लाटा येतील. लाटा आल्याच नाहीत. समुद्र आपल्या जागी होता आणि पाणी जमिनीतून वर येत होतं. आधी गवतात एक ओलसर डाग. मग त्यातून बुडबुडे. मग चुळबुळ करत झरा, चार फुटांवर दुसरा, तिसरा. अर्ध्या तासात घोट्याएवढं डबकं झालं, स्वच्छ, तळाचं गवत दिसेल इतकं. चाखलं. खारट, थेट समुद्र. बेट म्हणजे खडीचा ढीग, त्याला बंधारा घालून काय होणार? पोरं त्यात होड्या सोडत होती. एक माणूस मोटरसायकल त्या पाण्यातून नेता नेता म्हणाला, "उद्या पण येईल." गेल्या ३० वर्षांत इथली समुद्रपातळी सुमारे १५ सेंटिमीटर वाढली, असं मोजमाप आहे. १५ सेंटिमीटर म्हणजे एक वीतही नाही, पण मघाचा चाळिसाचा हिशेब आठवा.

रात्री चंद्रग्रहण होतं, खग्रास. पुण्यात चंद्र उगवेपर्यंत सुटत आलेलं असणार, इथे मात्र ते थेट डोक्यावर. गरमीच्या दिवसांत लोक नाहीतरी पट्टीवर झोपायला येतात. आम्हीही चटई आणि उशी घेऊन गेलो. हिने जेवण दहाच्या आत उरकायला लावलं, ग्रहण लागायच्या आधी, आणि उरलेल्या पुलाकावर तुळशीऐवजी कसलं तरी पान ठेवलं. अकरा वाजून गेल्यावर चंद्र तांब्याच्या घंगाळासारखा झाला. सगळीकडे एकदम अंधार आणि मग तारे, इतके की मृग नक्षत्र शोधावं लागलं. डांबर पाठीला अजून कोमट होतं. बाजूच्या चटईवर कोणीतरी लाकडी पेटीवर बोटांनी ताल धरला होता. पुण्याला मुलाला फोन केला, तिथे संध्याकाळचे साडेचार. त्यानं विचारलं, "बाबा, बुडताय का?"

मला हा प्रश्न आता नकोसा झाला आहे. इथे येणारा प्रत्येक जण कॅमेरा घेऊन शोकसभेलाच येतो.

बुधवार, ४ मार्च

लगूनमधल्या, म्हणजे बेटांच्या कड्याच्या आतल्या पाण्यातल्या, संरक्षित क्षेत्रात होडीनं जायचं ठरलं होतं. ३३ चौरस किमी, सहा निर्मनुष्य बेटं. वारा उठला, होडीवाल्यानं नाही म्हटलं. मग आम्ही भाड्याची मोटरसायकल घेऊन उत्तरेकडे गेलो. वय वर्षे बासष्ट, मागे ही, पदर खोचलेला.

वाटेत मालकीणबाईंचा भाऊ भेटला, बोटीवर नोकरी करून परतलेला. त्यानं दाखवलं, हे घर, ती शाळा, तो सपाट भाग, हे सगळे खड्डे होते. १९४२-४३ मध्ये अमेरिकनांनी धावपट्टीचा भराव करायला बेट जागोजागी खणलं. दहा खड्डे. युद्ध संपलं, सैन्य गेलं, खड्डे राहिले. भरतीचं पाणी आणि कचरा भरलेले. इंग्रजीत अशा खड्ड्यांना उसनवारीचे खड्डे म्हणतात. बहात्तर वर्षांनी, २०१५ मध्ये, न्यूझीलंडच्या पैशानं लगूनची वाळू उपसून ते बुजवले आणि वापरायची जमीन सुमारे ८ टक्क्यांनी वाढली. उसनं घेतलं एकानं, फेडलं दुसऱ्यानं. "माझा जन्म तिथला," तो म्हणाला. बोट होतं व्हॉलीबॉलच्या मैदानाकडे. खड्ड्याच्या काठावर, खांबांवर झोपडी होती त्यांची.

जमीन फक्त जातेच असं नाही. ऑक्टोबर १९७२ मध्ये बेबे चक्रीवादळ आलं, गावातली बहुतेक घरं गेली, आणि त्याच रात्री समुद्रानं बाहेरच्या बाजूला प्रवाळाच्या दगडगोट्यांचा १९ किलोमीटर लांब बांध आणून टाकला, ठिकठिकाणी पुरुषभर उंचीचा. जुनी आणि नवी हवाई छायाचित्रं ताडून पाहणाऱ्या एका अभ्यासानं तर चार दशकांत देशाची जमीन २.९ टक्के वाढल्याचं दाखवलं. बेटं सरकतात, झिजतात, फुगतात. पण त्यावर राहणाऱ्याचं घर, खड्डा आणि कबर सरकत नाही.

आता तर ठरवूनच जमीन बनवतात. लगूनच्या कडेला ७८० मीटर लांब आणि १०० मीटर रुंद पट्टा वाळूनं भरून उचलला आहे. २१०० नंतरही पाण्यावर राहील इतका उंच धरलेला. संध्याकाळी त्यावर उभे राहिलो. जुन्या गावापेक्षा हा पट्टा स्पष्ट उंच, गावाची छपरं तिथून थोडी खाली दिसतात. अजून झाड नाही, सावली नाही, कोऱ्या पानासारखं. अभियंता म्हणून मला ते काम फार आवडलं. खालून बुडबुडे येणाऱ्या जागेला हाच इलाज आहे, भिंत नव्हे, भराव.

रात्री जेवताना राजकारण निघालं. १९७५ पर्यंत हे लोक गिल्बर्ट बेटांच्या, म्हणजे आजच्या किरिबातीच्या, एकत्र कुटुंबात होते. १९७४ मध्ये सार्वमत झालं, ३,७९९ मतं वेगळं व्हायला, २९३ विरुद्ध. वाटणीत फॉस्फेटच्या उत्पन्नातला हिस्सा सोडावा लागला आणि पदरात एक जहाज पडलं. १ ऑक्टोबर १९७८ ला स्वातंत्र्य. संसदेत सोळा जण, पक्ष एकही नाही. आता ऑस्ट्रेलियाशी करार आहे, त्याचं नाव फालेपिली. मालकीणबाईंनी फोड करून सांगितली: फाले म्हणजे घर, पिली म्हणजे जवळ. शेजारधर्म. दरवर्षी २८० तुवालूकरांना सोडत काढून ऑस्ट्रेलियात कायमचं राहता येतं. २०२५ च्या पहिल्या सोडतीत घरच्यांसकट ८,७५० नावं आली, देशातल्या दहा जणांतल्या आठांहून जास्त.

"तुमचं?" हिने विचारलं. मी असला प्रश्न विचारला नसता.

"आहे ना. सगळ्यांचं आहे." बाईंनी ताटं गोळा केली. मग दारातून ही एक भलीमोठी टोपली आत ओढली, वाळलेल्या पानांची. उद्या खड्ड्यात टाकायची. मी विचारलं, आज लावलेला पुलाका काढायला कधी होतो. त्यांनी तीन बोटं वर केली, थांबल्या, आणि चौथं अर्धवट दुमडलेलं बोट उचललं.

गुरुवार, ५ मार्च

भोंगा वाजला. पोरांनी जाळी काढली. बाईंनी हिच्या डोक्यावर फुलांची वेणी ठेवली, हिने त्यांना काठापदराची साडी दिली, ती रविवारची. फाकाफेताई म्हणजे आभार, तोफा म्हणजे निरोप. एवढे दोन शब्द मला व्यवस्थित यायला लागले होते. वरून खड्डे शोधायचा प्रयत्न केला, पण बेट पाहता पाहता रेघ झालं.

नौसोरीला उतरल्यावर जैवसुरक्षेच्या टेबलाशी थांबवलं. फुलांची वेणी काढून घेतली, ती घेणारच होते. मग त्या तरुण अधिकाऱ्यानं माझ्या बुटांकडे बोट दाखवलं. तळव्याच्या खाचांत काळा चिखल घट्ट वाळून बसला होता.

"अंकल, जूता में मट्टी है. मट्टी नहीं चलेगा."

त्यानं बूट उचलून बेसिनमध्ये ठेवले, नळ सोडला आणि ब्रश माझ्या हातात दिला. पाणी आधी काळं, मग तांबूस, मग स्वच्छ वाहायला लागलं. ही मागून म्हणाली, "अहो, झालं की, नळ बंद करा."